अवेळींची दंतव्यथा व तिचे उपाय : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या इतिहासांतील एक प्रकरण

१. विषयप्रवेश

मोहिमा, तह, वतनें व वंशावळी यांचा शोध आपल्या प्रांतांत पुष्कळ झाला आहे. त्या मानानें सामान्य मनुष्याचें शरीर, त्याचीं दुखणीं व त्या दुखण्यांत त्यास मिळणारें साहाय्य यांचा इतिहास थोडाच लिहिला गेला. त्यांतूनहि दंतरोग हा विषय अगदींच मागें राहिला. पटकी, देवी व प्लेग यांच्या सांथींनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं, म्हणून त्यांची नोंद झाली. दाढदुखीनें गांव ओस पडत नाहीं. परंतु ज्याची दाढ मध्यरात्रीं ठणकूं लागली आहे त्यास त्या वेळीं जगांत दुसरें कांहींच महत्त्वाचें वाटत नाहीं, आणि क्वचित् प्रसंगीं हें दुखणें जीवावरहि बेततें, ही गोष्ट ध्यानांत घेतली असतां या विषयाची उपेक्षा योग्य नव्हे असें दिसून येईल.

प्रस्तुत लेखांत एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पुणें जिल्ह्याच्या आग्नेय भागांतील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत राहणाऱ्या मनुष्यास, दिवसाच्या नेहमींच्या वेळा टळल्यावर दांताची तीव्र व्यथा झाली असतां, निरनिराळ्या काळीं कोणाचा आधार होता? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना संस्कृत वैद्यकग्रंथ, जुनी ग्रामव्यवस्था, इंग्रजी अमदानींतील दवाखाने व सांप्रतची स्थिति अशा चार पायऱ्यांनीं जावें लागतें. लेखाचा निष्कर्ष वाचकांच्या सोयीसाठीं आरंभींच सांगून ठेवितों. रात्रीं करावयाचें काम व दिवसां करावयाचें काम यांतील भेद आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होता. हांकेसरशी येणारा मनुष्य ग्रामव्यवस्थेंत होता, पण त्याच्यापाशीं तें शास्त्र नव्हतें. पुढें शास्त्र आलें, तें मात्र कचेरीच्या वेळांनीं बांधलेलें आलें. या तिहींचा मेळ घालण्याचें काम अद्यापि पुरें झालेलें नाहीं.

२. प्रदेश

बारामती हें कऱ्हेच्या कांठचें गांव. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा असून नीरा-नरसिंहपूर येथें या दोन नद्यांचा संगम होतो. सह्याद्रीपासून दूर असल्यामुळें हा सर्व मुलूख अवर्षणाचा. इंदापूर हें छत्रपति शिवाजी महाराजांचे आजे मालोजी राजे यांचें निधनस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. बारामतीस पेशव्यांचे सावकार व सोयरे बाबूजी नाईक यांचा वाडा असून त्यांच्याच आश्रयानें कविवर्य मोरोपंत तेथें राहिले व इ. स. १७९४ मध्यें तेथेंच निवर्तले. इंग्रजी अमदानींत इ. स. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांच्या जमीनमोजणीचा व धारापद्धतीचा पहिला प्रयोग इंदापूर तालुक्यांत झाला. आणि १२ मे १८७५ रोजीं सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा जो उठाव झाला त्याची पहिली ठिणगी सुपें येथें पडली, तें गांव आज बारामती तालुक्यांत मोडतें.

म्हणजे जमाबंदी व कर्ज या दोन अंगांनीं या भागाचा इतिहास जगाच्या नजरेस आला आहे. परंतु धारा भरणाऱ्या किंवा सावकाराच्या वह्या जाळणाऱ्या कुणब्याचे दांत दुखले तर तो कोठें जाई, हा प्रश्न त्या दप्तरांत कोणीं विचारला नाहीं. पुणें येथून बारामती सुमारें १०० किलोमीटर व इंदापूर सुमारें १४० किलोमीटर. बैलगाडीच्या काळांत हें अंतर कित्येक दिवसांचें होतें. म्हणून येथील रोग्याचा उपाय गांवांतच किंवा आठवड्याच्या बाजारांतच शोधला पाहिजे.

३. शास्त्रकारांचें मत

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत मुखरोग ६५ सांगितले असून त्यांचीं स्थानें सात आहेत : ओष्ठांचे ८, दंतमूलांचे १५, दांतांचे ८, जिव्हेचे ५, तालूचे ९, कंठाचे १७ व सर्व मुखास व्यापणारे ३. दांतांचे आठ रोग ते दालन, कृमिदंतक, दंतहर्ष, भंजनक, दंतशर्करा, कपालिका, श्यावदंतक व हनुमोक्ष हे होत. यांपैकीं कृमिदंतक म्हणजे आपण ज्यास किडलेली दाढ म्हणतों तो. दांत काळा पडणें, त्यास छिद्र पडणें, तो हलणें, त्यांतून स्राव होणें, सूज येणें, अतिशय ठणका लागणें व निमित्तावांचून वेदना होणें, हीं त्याचीं लक्षणें दिलीं आहेत. दंतमूलांच्या रोगांत अधिमांसक म्हणून एक रोग आहे. हनुवटीच्या मागील शेवटच्या दाढेपाशीं मोठी सूज येऊन तीव्र वेदना होतात व लाळ गळते, असें त्याचें वर्णन आहे. अक्कलदाढ अडून बसल्यामुळें होणारा विकार ज्यांनीं भोगला आहे त्यांस हें वर्णन ओळखावयास वेळ लागणार नाहीं.

येथें 'निमित्तावांचून वेदना' हें लक्षण विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. थंड पाणी लागलें असतां क्षणभर शिणशिणणारा दांत व कांहीं न करितां आपोआप ठणकणारा दांत यांत आजचे दंतवैद्यहि हाच भेद करितात. पहिल्याचा गाभा बहुधा वांचवितां येतो. दुसऱ्याचा गाभा परत न सुधारण्याइतका सुजलेला असतो. हा दुसरा प्रकारच रात्रीं अधिक त्रास देतो. मनुष्य आडवा झाला म्हणजे मस्तकाकडील रक्ताचा दाब वाढतो, दांताच्या कठीण कवचांत कोंडलेल्या सुजेस पसरण्यास वाव नसतो, आणि दिवसाचे व्यवसाय संपल्यामुळें मनहि दुसरीकडे रमत नाहीं. सारांश, दंतव्यथा अवेळीं येते हा योगायोग नव्हे; तो त्या रोगाचा स्वभावच आहे.

आतां चिकित्सा. चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत कृमिदंतकाचे दोन भाग केले आहेत. दांत हलत नसेल तर शेक, रक्तमोक्ष, वातघ्न औषधांचें अवपीडन, स्निग्ध द्रवांचे गंडूष व लेप यांनीं वेदना शमवावी. दांत हलत असेल तर तो काढून टाकून त्या पोकळ जागेस डाग द्यावा. परंतु वरचा दांत हलत असला तरी वैद्यानें तो उपटूं नये, कारण अतिरक्तस्राव होऊन रोगी काणा होतो किंवा त्यास अर्दित म्हणजे तोंड वांकडें होण्याचा विकार जडतो, असा स्पष्ट इशारा तेथें आहे. वरच्या दांतांच्या मुळांचें डोळ्यांशीं व मुखाच्या शिरांशीं असलेलें सान्निध्य पाहतां हा इशारा अनुभवांतून आलेला दिसतो. दांत पाडण्याच्या यंत्राचा उल्लेख वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत आहे. त्याचें मुख शरपुंखाच्या आकाराचें व लांबी चार अंगुळें.

हें कर्म केव्हां करावें? सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत शस्त्रकर्माचे नियम आहेत. प्रशस्त तिथि, करण, मुहूर्त व नक्षत्र पाहावें. रोग्यास पूर्वाभिमुख बसवावें व वैद्यानें पश्चिमाभिमुख असावें. सामान्य शस्त्रकर्माच्या पूर्वीं रोग्यास हलकें अन्न द्यावें. परंतु मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत मात्र उपाशीं पोटींच कर्म करावें. पूर्वाभिमुख रोगी व रिकामें पोट या दोन अटी एकत्र वाचल्या असतां मुखावरील शस्त्रकर्म हें प्रातःकाळचें काम होतें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. उगवत्या सूर्याचा प्रकाश सरळ तोंडांत पडतो. दिव्याच्या उजेडांत दाढ उपटणें जोखमीचें.

पण त्याच अध्यायाच्या शेवटीं एक अपवाद आहे व आपल्या विषयाचा सर्व जीव त्या अपवादांत आहे. ऋतुपरत्वें व्रणाची पट्टी किती दिवसांनीं सोडावी हें सांगून झाल्यावर आचार्य म्हणतात कीं, त्वरेनें घात करणाऱ्या रोगांत वैद्यानें या नियमाची वाट पाहूं नये. घरास आग लागली असतां जशी धांवपळ करावी तशी तत्काळ प्रतिक्रिया करावी. हें वचन मूळांत पट्टीच्या नियमास जोडलेलें आहे, हें विसरून त्याचा वाटेल तसा विस्तार करणें इष्ट नव्हे. तरीहि काळवेळेचा नियम कोठें तुटावा याचें तत्त्व त्यांत आलें आहे यांत संशय नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकाच्या प्रकरणांत रात्रीं रस्त्यावर फिरण्यास बंदी सांगितली आहे व तिचे अपवाद मोजून दिले आहेत. बाळंतिणीसाठीं, वैद्यासाठीं, प्रेतासाठीं जाणारा, हातांत दिवा घेतलेला, आग विझविण्यास धांवणारा, मुद्रा जवळ असलेला, अशांस पकडूं नये असें तेथें म्हटलें आहे. नगराचे दरवाजे बंद झाल्यावरहि वैद्याची वाट मोकळी ठेवावी, ही कल्पना दोन हजार वर्षांच्या जवळपास जुनी आहे. ज्या राज्यव्यवस्थेनें ही सूक्ष्म तरतूद केली तिला रात्रींचा रोगी दिसत होता, एवढें यावरून सिद्ध होतें.

४. ग्रामव्यवस्था : न्हावी, वैदू व आजीबाईचा बटवा

शास्त्रग्रंथ हे मोठ्या गांवच्या वैद्यांच्या घरीं. कऱ्हेच्या किंवा नीरेच्या कांठच्या लहान वाडीस बारा बलुत्यांपैकीं न्हावी हाच शस्त्र बाळगणारा मनुष्य. श्मश्रूखेरीज रक्त काढणें, गळूं फोडणें व हलणारा दांत ओढणें हीं कामें तो करी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ इ. स. १९१५ मध्यें प्रसिद्ध झाला. बलुतेदारांचीं कामें व हक्क यांचें इतकें बारीक वर्णन अन्यत्र क्वचितच मिळेल. बलुत्याचा मोबदला सुगीच्या वेळीं धान्यरूपानें व सालिना ठरलेला असे, दर खेपेचा नसे. त्यामुळें रात्रीं हांक मारली म्हणून जादा दाम देण्याचा प्रश्न उद्भवत नसे, व हांक मारणाऱ्यास संकोचहि वाटत नसे. पुष्कळ गांवीं लग्नकार्यांत मशाल धरण्याचें कामहि न्हाव्याकडेच असे. उजेड व शस्त्र एकाच्याच हातीं, आणि तो मनुष्य हांकेच्या अंतरावर, ही सोय आजच्या दृष्टीनेंहि लहान नव्हे.

याच्या उलट वैदूची गोष्ट. झोळी व तुंबडी घेऊन फिरणारा हा जडीबुटीवाला बाजाराच्या दिवशीं पालावर बसे. दाढेंतील कीड काढून दाखविण्यांत त्याची ख्याति. रिंगणीचें बीं निखाऱ्यावर टाकून नळीनें धूर तोंडांत घ्यावयाचा व खालच्या पाण्यांत बारीक पांढरे किडे पडले असें दाखवावयाचें, ही रीत महाराष्ट्रांत सर्वत्र ठाऊक आहे. विलायतेंतहि खुरासानी ओंव्याच्या बियांचा धूर देऊन हाच चमत्कार दाखवीत, व ते किडे म्हणजे उष्णतेनें फुटलेल्या बियांतील अंकुर होत असें पुढें ठरलें. दांतांत किडा असतो ही समजूत बाबिलोनच्या मृत्तिकालेखांइतकी जुनी आहे. फ्रान्समध्यें पिएर फोशार यानें इ. स. १७२८ च्या आपल्या ग्रंथांत तिच्यावर अविश्वास दाखविला, व इ. स. १८९० मध्यें मिलर यानें तोंडांतील सूक्ष्म जंतूंनीं पिठूळ व गोड पदार्थांपासून केलेल्या आम्लानें दांत झिजतो असें प्रतिपादन केलें. असो. वैदूच्या उपायाचा गुण किती हा प्रश्न बाजूस ठेविला तरी तो बाजाराच्या दिवसाचा मनुष्य होता. बाजार उठला कीं वैदू पुढच्या गांवीं; दुखणें मात्र मागें राही.

रात्रींचा खरा आधार घरांतील स्त्रियांच्या बटव्याचा. लवंग, हिंग, अक्कलकारा, तुरटी, मिठाच्या पाण्याची गुळणी, बाहेरून शेक. यांपैकीं लवंगेच्या तेलांतील मुख्य द्रव्य आजहि दंतवैद्य आपल्या तात्पुरत्या भरावांत वापरतात, त्या अर्थीं ही परंपरा निव्वळ अंधश्रद्धेची नव्हे. परंतु याच बटव्यांत मिशेरीहि होती. भाजलेली तंबाखू हिरडीस चोळली असतां घटकाभर बधिरता येते, दुखणें थांबल्यासारखें वाटतें, व त्या घटकाभर सुखासाठीं जन्माचें व्यसन व पुढें क्वचित् कर्करोग पदरीं पडतो. ग्रामीण स्त्रियांत मिशेरीचा जो प्रसार झाला त्यांत रात्रींच्या दाढदुखीचा वांटा थोडा नसावा. दुसरा कोणताच उपाय हाताशीं नसलेल्या मनुष्यास वाईट उपायच जवळचा वाटतो.

हस्तकौशल्य मात्र आपल्याकडे हीन नव्हतें. इ. स. १७९४ मध्यें लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकांत कावसजी नांवाच्या गाडीवानाची हकीकत छापली आहे. टिपूच्या कैदेंत त्याचें नाक कापलें गेलें होतें. पुण्याकडील एका कुंभार किंवा वीटकरी जातीच्या कारागिरानें कपाळाची कातडी वळवून नवें नाक बनविलें, आणि इंग्रज वैद्यांनीं तें पाहिलें. यावरून कुशल हात पुस्तकी वैद्यांच्या घराबाहेरहि होते हें दिसतें. उणीव होती ती या हातास निदानाची जोड नसण्याची. हलणारा दांत व सुजलेला गळा यांत भेद न करतां दोहोंवर एकच चिमटा चालविला, तर पहिला रोगी बरा होतो व दुसरा दगावतो.

५. इंग्रजी अमदानी : दवाखाना व घड्याळ

पेशवाई इ. स. १८१८ मध्यें बुडाली. लोहमार्ग इ. स. १८५८ मध्यें पुण्यास पोंचला व त्याच वर्षाच्या अखेरीस इंदापूरच्या सरहद्दीवरील डिकसळपर्यंत गेला. बारामतीची नगरपालिका इ. स. १८६५ ची. पुण्याचें ससून रुग्णालय इ. स. १८६७ मध्यें सुरू झालें व इ. स. १८७८ मध्यें तेथें बैरामजी जिजीभाई वैद्यकशाळा निघाली. या शाळेंतून शिकलेले लोक जिल्ह्याच्या मोठ्या गांवांतील सरकारी दवाखान्यांवर जाऊं लागले. त्यांच्या पेटींत दांत काढण्याचे विलायती चिमटे असत, आणि ताप, खरूज, जखमा यांबरोबर दांत उपटणें हेंहि त्यांचें नित्याचें काम होतें.

याच काळांत पश्चिमेकडे दंतवैद्यकानें सर्व शस्त्रवैद्यकास एक देणगी दिली. इ. स. १८४४ मध्यें होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानें हास्यवायूचा प्रयोग केला व १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानें ईथरची भूल सर्वांसमक्ष देऊन दाखविली. इ. स. १८८४ पासून कोकेनच्या सुईनें जबड्याची एकच बाजू बधिर करितां येऊं लागली व इ. स. १९०५ च्या सुमारास तिची जागा कमी घातक अशा नोव्होकेननें घेतली. म्हणजे रोग्यास चौघांनीं धरून ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. पण हें ज्ञान बारामती-इंदापुरास पोंचण्यास लागलेला काळ मोठा होता. मुंबई इलाख्यांत दंतवैद्यकाचें पहिलें महाविद्यालय निघालें तें इ. स. १९३३ मध्यें, मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या आश्रयानें. तोंवर स्वतंत्र दंतवैद्य ही वस्तु मोठ्या शहरांपुरतीच होती.

दवाखान्याबरोबर आणखी एक वस्तु आली, ती म्हणजे कचेरीची वेळ. पूर्वीं दिवस घटिका-प्रहरांनीं मोजला जाई. रात्र ही अडचणीची खरी, पण 'बंद' असा तिचा अर्थ नव्हता. वैद्याचें घर तेंच त्याचें चिकित्सागृह असल्यामुळें तें बंद होणें म्हणजे वैद्य निजणें एवढेंच. सरकारी दवाखान्याचें तसें नव्हे. त्यास उघडण्याची व मिटण्याची वेळ, सुटीचे वार, नोंदवही व शिपाई. इ. स. १९०६ मध्यें सर्व हिंदुस्थानास एक प्रमाणवेळ मिळाली. दौंड-बारामती ही अरुंद मापाची आगगाडी इ. स. १९१४ मध्यें सुरू झाली. पुण्यास जाण्याची सोय झाली खरी, पण तीहि वेळापत्रकाची. गाडी सुटल्यावर ज्याची दाढ दुखली त्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहणें प्राप्त. 'वेळ' व 'अवेळ' या शब्दांस आज जो अर्थ आहे तो बव्हंशीं या काळांत रूढ झाला.

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी इ. स. १८८५ च्या सुमारास या भागांत खेळूं लागलें व जिराइती मुलखांत ऊंस आला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, व स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें सहकारी कारखाने निघाले. साखरेनें या मुलखाचें दारिद्र्य कमी केलें. त्याबरोबर गोड चहा घरोघर गेला, आणि दांत किडण्याचें मुख्य कारण साखर हें तर मिलरच्या काळापासून ठाऊक आहे. शिवाय कारखाना रात्रंदिवस चालतो. गाळपाच्या हंगामांत ऊंसतोडीचें कुटुंब उजाडण्यापूर्वीं फडांत जातें व अंधार पडल्यावर कोपीवर येतें. त्याच्या लेखीं दवाखान्याची प्रत्येक वेळ ही कामाची वेळ. म्हणून त्यास सदैव अवेळच. अवेळ ही केवळ घड्याळावर ठरत नाहीं, ती मनुष्याच्या धंद्यावरहि ठरते, हें या तालुक्यांच्या इतिहासानें स्पष्ट केलें आहे.

६. स्वातंत्र्योत्तर काळ व सांप्रतची स्थिति

इ. स. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें या धंद्यास प्रथमच शिस्त लागली. नोंदणीपटाचे दोन भाग करण्यांत आले. 'अ' भागांत पदवीधर व 'ब' भागांत पदवी नसून निदान पांच वर्षें याच धंद्यावर चरितार्थ चालविणारे लोक. नवीन मनुष्यास पदवीवांचून दांतास हात लावण्याची मनाई झाली. हें योग्यच झालें. परंतु त्यामुळें गांवच्या न्हाव्याचा चिमटा गेला व त्याच्या जागीं रात्रीं हांकेस येणारा दुसरा कोणी आला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आज बारामतीस उपजिल्हा रुग्णालय आहे व इ. स. २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरासहि सरकारी रुग्णालय आहे. खाजगी दंतवैद्य दोन्ही गांवीं पुष्कळ झाले. इ. स. १९८९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें परमानंद कटारा यांच्या अर्जावर निर्णय देतांना, प्राणसंकटांत आलेल्या मनुष्यास तत्काळ साहाय्य देणें हें प्रत्येक वैद्याचें कर्तव्य आहे, असें ठरविलें. इ. स. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तथापि दंतवैद्याचा दवाखाना हा सर्वसाधारणपणें सकाळ-संध्याकाळचाच राहिला; आणि मोठ्या रुग्णालयांत रात्रीं जो वैद्य जागा असतो त्याचें शिक्षण बहुधा दांतांचें नसतें.

याचा परिणाम काय होतो तें प्रस्तुत लेखकानें शिक्षकाच्या नोकरींत एकदां पाहिलें आहे. वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याची दाढ शनिवारीं सायंकाळीं दुखूं लागली. एका दवाखान्यानें वेदनाशामक गोळ्या देऊन सोमवारीं येण्यास सांगितलें. रविवारीं रात्रीं त्याचा गळा सुजून तोंड उघडेनासें झालें, जिव्हा वर उचलली गेली व गिळतां येईना. रात्रींच त्यास पुण्यास न्यावें लागलें. मुलगा वांचला. या विकाराचें वर्णन लुडविग या जर्मन वैद्यानें इ. स. १८३६ मध्यें केलें. प्रतिजैविक औषधें निघण्यापूर्वीं यानें पछाडलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक दगावत, आतां वेळेवर उपचार झाल्यास दहांत एकहि दगावत नाहीं. 'वेळेवर' या एका शब्दांत सर्व फरक आहे.

येथें शास्त्रकारांचा जुना भेद पुन्हां उपयोगी पडतो. दांताच्या सर्वच दुखण्यांस रात्रीं शस्त्रकर्म नको. नुसता ठणका असेल तर शमन करून प्रातःकाळची वाट पाहावी. आगीची उपमा ज्यांस लागू पडते ते प्रसंग मुख्यतः तीन. पहिला, जबड्याखालीं किंवा डोळ्याकडे पसरणारी सूज, विशेषतः ताप, तोंड न उघडणें, गिळतां न येणें किंवा श्वास कोंडणें यांसह. यास क्षणाचाहि विलंब न करितां मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे. दुसरा, दांत काढल्यावर न थांबणारा रक्तस्राव. स्वच्छ कापडाची घडी त्या जागीं ठेवून वीस-तीस मिनिटें न सोडतां दाबून धरली असतां बहुधा तो थांबतो, न थांबल्यास वैद्य गांठावा. तिसरा, पडण्याझडण्यानें निखळलेला पक्का दांत. मुळास हात न लावतां तो धुवून त्याच खांचेंत बसवावा, तें न साधल्यास दुधांत ठेवून तासाभराच्या आंत दंतवैद्याकडे न्यावा, म्हणजे तो पुन्हां धरण्याचा संभव असतो. दुधाच्या दांतास हा तिसरा नियम लागू नाहीं. दूध या तालुक्यांत घरोघर आहे. ज्ञान मात्र घरोघर नाहीं.

व्यवस्था अशक्य आहे असेंहि नव्हे. जगद्गुरु तुकोबारायांची पालखी दर आषाढवारीस बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेनें पंढरीस जाते, इ. स. १६८५ मध्यें नारायण महाराजांनीं हा पालखीचा परिपाठ घातला. लाखो मनुष्यांच्या या मेळाव्याबरोबर वैद्यकीय पथकें चालतात, मुक्कामाच्या गांवीं रात्रभर दिवे जळतात व पाय सुजलेल्या वारकऱ्यास मध्यरात्रींहि औषध मिळतें. जें काम वर्षांतून थोडे दिवस समाज व सरकार मिळून करूं शकतात, त्याचा एक लहानसा अंश वर्षभर कां करतां येऊं नये? दोन्ही गांवच्या दंतवैद्यांनीं पाळीपाळीनें एकेक रात्र वांटून घ्यावी, ज्याची पाळी असेल त्याचें नांव सरकारी रुग्णालयाच्या दारावर लिहावें, व रात्रपाळीच्या वैद्यास वर सांगितलेले तीन प्रसंग ओळखण्याचें शिक्षण द्यावें, एवढ्यानें पुष्कळ काम भागेल. बलुत्याच्या पद्धतींत जें चांगलें होतें तें एवढेंच होतें : आज रात्रीं कोणास हांक मारावयाची हें प्रत्येकास ठाऊक होतें.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. दंतव्यथा रात्रीं वाढणें हें तिच्या प्रकृतीस धरून आहे, म्हणून तिच्या साहाय्याची व्यवस्थाहि रात्रीं असली पाहिजे. सुश्रुतानें मुखरोगावरील शस्त्रकर्म उपाशीं पोटीं सांगितलें व शीघ्रघाती रोगांत काळाचा नियम सोडण्याची मुभा दिली. कौटिल्यानें रात्रीं वैद्याकडची वाट मोकळी ठेविली. गांवगाड्यांत हांकेचा मनुष्य होता, त्यास निदान नव्हतें. दवाखान्यांत निदान आलें, तें दिवसां. बारामती-इंदापूरचा कालवा, कारखाना व रात्रपाळी यांनीं या उणिवेची धार अधिक तीक्ष्ण केली.

शेवटीं एक विनंति. या दोन तालुक्यांतील जुन्या वैद्यांच्या, न्हाव्यांच्या व इनामदारांच्या घरीं औषधांचीं बाडें, बलुत्याच्या यादी, दांत काढण्याचे जुने चिमटे व तुंबड्या अद्यापि माळ्यावर पडून असण्याचा संभव आहे. निरुपयोगी म्हणून तीं रद्दींत किंवा मोडींत जाण्यापूर्वीं ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं त्यांच्या नकला व छायाचित्रें घेऊन संशोधन संस्थेकडे पाठवावीं. राजाच्या सनदेइतकेंच अशा बाडाचें मोल आहे. कारण सनद एका घराण्याची असते, व दाढदुखी राजापासून रंकापर्यंत सर्वांची.